आधी गवत गेलं, मग आपण

डहाणू मुंबईचं उपनगर कधी झालं? सकाळच्या कुठल्याही डब्यात विचारा, तारीख पाठ सांगतील : १६ एप्रिल २०१३. तोपर्यंत विरारला थकून थांबणारी लोकल त्या दिवशी डहाणू रोडपर्यंत आली. चर्चगेटपासून १२४ किलोमीटर. मध्य रेल्वेवरचा कसारासुद्धा यापेक्षा जवळ पडतो. एका दिवसात चिकूच्या वाड्या, ताडाची झाडं, खाडी आणि वलांडीवर वाळत घातलेले बोंबील असं सगळं रेल्वेच्या लेखी उपनगरात जमा झालं. बोंबलांना कोणी विचारलं नव्हतं.

आता थोडा हिशेब. या मार्गावरची पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला गेली. सकाळी एक जायची, संध्याकाळी एक परत यायची. वाटेतली स्टेशनं होती नीला, बसीन, पांजे, बेरेवला, पहाडी, अंदारू. वाचून घाबरू नका. नीला म्हणजे नालासोपारा, बेरेवला म्हणजे बोरिवली, पहाडी म्हणजे गोरेगाव, आणि अंदारूत तुमच्या ओळखीचं कोणीतरी नक्की राहतं. तर त्या विरारहून पुढे डहाणूपर्यंतचे ६४ किलोमीटर कापायला लोकलला १४६ वर्षं लागली. वर्षाला सरासरी ४४० मीटर. रूळ नव्हते म्हणून उशीर झाला म्हणावं, तर तीही सोय नाही. बीबीसीआय कंपनीची गाडी गुजरातेतून दक्षिणेकडे रूळ टाकत टाकत १८६४ साली मुंबईत पोचली. म्हणजे रेल्वे मुंबईहून डहाणूला आलेली नाही, डहाणूवरून मुंबईला गेलेली आहे. मुंबईकरांना हे सांगून बघा. ते आधी मोबाईलवर तपासतील आणि मग विषय बदलतील.

तरीही २०१३ ही तारीख मला मान्य नाही. त्या वर्षी माणसांची लोकल आली, एवढंच. मुंबईला रोज जाण्याची डहाणूची सवय त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि पहिला मान माणसाचा नव्हता. पहिला मान होता गवताचा.

हसू नका. मुंबईत ट्राम घोडे ओढत होते, बग्ग्या घोडे ओढत होते, तबेल्यांत हजारो म्हशी उभ्या होत्या, आणि या सगळ्या मंडळींना सकाळ-संध्याकाळ खायला लागत होतं. ते उगवत होतं डहाणू, उंबरगावच्या डोंगरउतारांवर. वारली माणसानं ते कापायचं, जमीनदाराच्या किंवा ठेकेदाराच्या खळ्यावर टाकायचं, त्याच्या गासड्या बांधायच्या आणि गासड्यांनी मुंबईला जायचं. जंगलातला साग त्यांच्या मागोमाग. कापणाऱ्याला मात्र मुंबई दिसत नसे. त्याला दिसे जमीनदाराचा वाडा, तिथली वेठ, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोनं मिळून फेडायची लग्नगडीची गुलामी.

मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारली हजारोंनी जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. वेठ बंद, लग्नगडी बंद, असं तिथे ठरलं. त्याच वर्षी गवताचा हंगाम आला तेव्हा मागणी झाली : पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये. या मागणीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं मेली. गोदावरीबाईंनी ही सगळी हकिगत पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हा मुंबईत सकाळच्या चहात जे दूध पडत होतं, ते ज्या म्हशीचं, ती म्हैस जे गवत खात होती, त्या गवताचा भाव इथे गोळ्यांनी ठरत होता. उपनगराचं मुख्य शहराशी जे नातं असतं, ते याहून वेगळं काय असतं?

पुढची यादी भरभर उरकतो, कारण ती लांब आहे. गवतानंतर चिकू गेला. घोलवड, बोर्डीच्या वाड्यांतून टोपल्या भरून जाणाऱ्या या पासधारकाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मुंबईच्या वाढदिवसांना लागणारे फुगे डहाणूच्या कारखान्यांतून गेले. मासळी तर जातेच. भिंतीवरची चित्रंसुद्धा गेली. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार गंजाडला आला, तिथे त्याला जिव्या सोमा म्हसे भेटले. तोवर लग्नाचा चौक लिहिण्यासाठी बायकांच्या हातात असलेली तांदळाच्या पिठाची रेघ कागदावर उतरली आणि मुंबईमार्गे जगभर फिरली. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज मुंबईत ज्या हॉटेलच्या भिंतीवर तारपा वाजवणारा वारली रंगवलेला असतो, त्या हॉटेलच्या दारात खरा वारली उभा राहिला तर सुरक्षारक्षक त्याला आधी मागच्या दाराकडे पाठवेल.

मग वीज. इथे थांबायला हवं, कारण इथे गंमत आहे.

मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीला आपलं औष्णिक केंद्र कुठेतरी उभारायचं होतं. उपनगरांची वीज उपनगरात तयार करावी, असं कोणी सुचवल्याचं ऐकिवात नाही. जागा निघाली डहाणूच्या खाडीकाठी. प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आणि २७५ मीटर उंच चिमणी. १९९५ साली वीज वाहू लागली. लोकल यायला अजून १८ वर्षं होती, पण उपनगराचा धूर वेळेवर आला. मालकांची पाटी पुढे बदलत गेली, आधी रिलायन्स, आता अदानी. चिमणी तीच आहे. ती समुद्रावरून दिसते, वाडीतून दिसते, गाडीतून दिसते. परत येणारा माणूस तिच्याकडे बघून बॅग खांद्याला लावतो.

आणि याच काळात दुसऱ्या हातानं सरकारनं काय करावं? औष्णिक केंद्राला मंजुरी देऊन झाल्यावर, २० जून १९९१ ला, केंद्रीय पर्यावरण खात्यानं एक अधिसूचना काढली आणि अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा. उद्योगांसाठी सगळ्या तालुक्यात मिळून फक्त ५०० एकर. प्रदूषण करणारे कारखाने नकोत. आधी घरात हत्ती आणून बांधला आणि मग दारावर 'काचेचं सामान, जपून' अशी पाटी लावली. पण पाटी लागली हे महत्त्वाचं. ती नुसती कागदावर राहू नये म्हणून काही लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर १९९६ मध्ये न्यायालयाचा निकाल आला आणि त्यातून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण जन्मलं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९८ साली या प्राधिकरणानं तालुक्याच्याच किनाऱ्यावर वाढवणला होऊ घातलेल्या बंदराला चक्क नाही म्हटलं. आपल्याकडे समिती नेमतात ती हो म्हणायला. ही समिती नाही म्हणायला शिकली, याचा बऱ्याच लोकांना धक्का बसला आणि तो अजून ओसरलेला नाही.

डहाणूत या अधिसूचनेइतक्या शिव्या दुसऱ्या कुणाला पडलेल्या नाहीत. विरारलासुद्धा नाही, आणि विरारला डब्यात काय काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही. बिल्डर शिव्या देतो, कारण टॉवर चढवता येत नाही. पुढारी देतो, कारण उद्घाटनाला कारखाना मिळत नाही. तरुण पोरगा देतो, कारण गावात नोकरी नाही म्हणून त्याला पहाटेची गाडी धरावी लागते. यातल्या शेवटच्याची तक्रार खरी आहे. बाकीच्यांनी जरा बोईसरपर्यंत जाऊन यावं. डहाणूपासून दोनच स्टेशनं. तिथे एमआयडीसी आहे, नोकऱ्या आहेत, आणि संध्याकाळी गाडी बोईसरला लागली की खिडकीतून जो वास आत येतो, तोही आहे. त्या वासाला झोपलेला पासधारक डोळे न उघडता 'बोईसर आलं' म्हणतो.

आता तोच शिव्या देणारा पासधारक डहाणूला का राहतो, हे त्यालाच विचारा. तो सांगेल : हवा चांगली आहे. पाणी गोड आहे. घरामागे चार झाडं आहेत. पोरं सायकलवर शाळेत जातात. रविवारी पारनाक्याला समुद्रावर गेलं की तंगड्या पसरून बसायला जागा मिळते आणि शेजारच्याच्या तंगड्या आपल्याला लागत नाहीत. थंडीत कोणाच्या तरी वाडीत उकडहंडी लागते. मडक्यात वालपापडी, कंद, रताळी भरून वर पाला ठेवतात आणि हंडी उतरेपर्यंत माणसं राजकारणावर बोलतात. उन्हाळ्यात ताडगोळे, पहाटे नीरा, आणि उशीर झाला तर नीरेचं पुढे जे होतं तेही. दुकानदार गुजरातीत भाव सांगतो, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करतं आणि हिंदी आणावी लागत नाही. रात्री साडेनऊला इराणी रोडवर शुकशुकाट असतो. दहाव्या मजल्यावरून खालच्या गाड्या मोजत झोपण्यापेक्षा हे बरं, असं तो म्हणतो.

म्हणजे ज्या कायद्याला तो दिवसा शिव्या घालतो, रात्री त्याच कायद्याच्या हवेत पंखा बंद करून झोपतो. डहाणूचं उपनगर म्हणून जे काही आकर्षण आहे ते इथे काय काय झालं यात नाही, काय काय अडलं यात आहे. विरारला काही अडलं नाही. विरारला १९८० मध्येही वाड्या होत्या, विहिरी होत्या आणि हवाही चांगली होती. जुन्या विरारकरांना विचारा, डोळे भरून येतील. फार वेळ भरू देणार नाहीत, त्यांना गाडी पकडायची असते.

गाडीचा विषय निघालाच आहे तर तोही होऊन जाऊ दे. डहाणूच्या माणसाचा एक फायदा जगातला कोणीही हिरावू शकत नाही : गाडी त्याच्या स्टेशनातून सुटते. सकाळी त्याला बसायला मिळतं. खिडकी, वाऱ्याची बाजू, पुढच्या माणसाच्या गुडघ्यांशी करार, सगळं ठरलेलं. वाणगावला मिरचीवाले चढतात, पालघरला सरकारी नोकर, सफाळ्याला टोपल्या घेऊन भाजीवाल्या. वैतरणेच्या पुलावर डब्यातली अर्धी माणसं बाहेर बघतात आणि उरलेली मोबाईलमध्ये दुसऱ्या कुठल्या नदीचा व्हिडिओ बघतात. मग विरार येतं आणि लोकशाही सुरू होते. 'दादा, जरा सरका' यातल्या 'दादा'चा अर्थ विरारपर्यंत भाऊ असतो, विरारनंतर तो इशारा असतो.

संध्याकाळी उलट. एकेकाळी विरारच्या गाडीत बोरिवलीचा माणूस चढला तर त्याला बोरिवलीला उतरू देत नसत, अशी विरारकरांची कीर्ती होती. आता डहाणूच्या गाडीत विरारकर चढतात आणि डहाणूकर दारात उभे राहून त्यांच्याकडे त्याच नजरेने बघतात. काव्यगत न्याय म्हणतात तो हाच असावा. फक्त त्यात डहाणूकरही चेंगरतो. विरार-डहाणू चौपदरीकरण २०१६ साली मंजूर झालं आहे, तीन हजार पाचशे कोटींच्या वर खर्च आहे आणि काम अजून चालूच आहे. तोवर एकाच जोडी रुळांवरून राजधानी जाणार, मालगाडी जाणार, सुरतेच्या गाड्या जाणार, आणि लोकल कुठेतरी बाजूला उभी राहून या सगळ्यांना वाट देणार. घरात थोरामोठ्यांसाठी उठून जागा देणारा धाकटा मुलगा असतो, तसा. गाडी चुकली तर पुढचीची वाट कधी कधी तासभर बघावी लागते. या तासभरात डहाणू स्टेशनवर माणसं जेवढा वडापाव खातात, तेवढा त्यांच्या डॉक्टरांना माहीत नाही.

आणि एक गोष्ट, जी सभ्य माणसं लेखात लिहीत नाहीत. लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. चर्चगेट ते अंधेरीसाठी नसलं तर चालतं. चर्चगेट ते डहाणू हा प्रवास पावणेतीन तासांच्या आसपास होतो, वाटेत गाडी रखडली तर मोजायचं नाही. जुन्या शटलला बाकी काही नसलं तरी ते होतं. लोकल आल्यावर आम्हाला पंखे मिळाले, मोठे दरवाजे मिळाले, 'पुढील स्टेशन' सांगणारी बाई मिळाली आणि ते गेलं. मधुमेहाचे काका दादरनंतर पाण्याची बाटली उघडत नाहीत. कामावर जाणाऱ्या बायका सकाळचा चहा अर्धा कप घेतात. साठीच्या एक काकू महिला डब्यात म्हणाल्या, "अगं, लोकल मागायला आपणच गेलो होतो ना मोर्चाला?" त्यावर सगळा डबा हसला. मग विरार येईपर्यंत कोणी पाणी प्यायलं नाही.

पण तक्रार करणाऱ्या पासधारकानं एक ध्यानात ठेवावं. त्याच्याच स्टेशनवरून, त्याच्याच गाडीनं, पास नसलेली माणसंही जातात. दिवाळी झाली की आतल्या पाड्यांवरची वारली कुटुंबं पोरंबाळं, भांडीकुंडी आणि एखादी कोंबडी घेऊन निघतात. कोणी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर, कोणी विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींवर, कोणी गुजरातेत. पासधारक संध्याकाळी परत येतो, ही मंडळी पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. आपण ज्या फ्लॅटच्या जाहिरातीकडे डब्यात मान वर करून बघतो, त्या फ्लॅटची वीट बहुतेक आपल्याच तालुक्यातल्या माणसानं थापलेली असते.

आता तलासरी. तलासरीचं उपनगरपण फारच वरच्या दर्जाचं आहे, कारण तलासरी दुसऱ्या राज्याचं उपनगर आहे.

१९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली ४७ गावं आणि ३ शहरं गुजरातला गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणूच्या पदरात टाकली आणि १९६१ साली त्यांचा वेगळा तलासरी तालुका केला. म्हणजे तालुका घेतला त्यांनी, शेंडी ठेवली आपण. बाजार, गिरण, स्टेशन, सोयरीक, सगळं सीमेपलीकडे. पुढे उंबरगावात औद्योगिक वसाहत आली, स्टुडिओ आला, दूरदर्शनचं 'रामायण' तिथेच चित्रित झालं. १९६० साली कोणाच्या तरी हातातली पेन्सिल थोडी उत्तरेकडे सरकली असती तर अयोध्या आज पालघर जिल्ह्यात असती. बघा, थोडक्यात चुकामूक झाली.

तलासरी गावाला रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायची तर संजाण, उंबरगाव, भिलाड अशी गुजरातेतली स्टेशनं गाठायची. पारशांची परंपरा सांगते की ते इराणहून आले ते संजाणच्या किनाऱ्याला लागले. ते समुद्रातून आले, तलासरीकर टमटममधून येतो, आणि दोघांत जास्त हाल कोणाचे झाले यावर वाद होऊ शकतो. कामाला जायचं तेही वापी, सरीगाम, उंबरगाव. सकाळी महामार्गाच्या कडेला उभं राहायचं, ईको किंवा टमटममध्ये जितकी माणसं बसू शकतात त्याच्या दुप्पट बसायची, आच्छाडला राज्य बदलायचं, दिवसभर गुजराती मालकाकडे काम करायचं आणि संध्याकाळी मराठी राजभाषा असलेल्या राज्यात झोपायला यायचं. मुंबईच्या कुठल्याही उपनगरात एवढं आंतरराज्य वैभव नाही. वर, दापचरीच्या तपासणी नाक्यापासून मालट्रकांची रांग बघायला मिळते ती वेगळी.

या तलासरीवरून बुलेट ट्रेन जाणार आहे. थांबणार मात्र विरारला, बोईसरला आणि मग वापीला. डहाणूला आणि तलासरीला ती दिसेल. जमीन दिलेल्या लोकांना दिसण्याचे पैसे वेगळे पडणार नाहीत, एवढं तरी स्पष्ट व्हावं. जमिनीला स्वतःलाही या सगळ्याची कुणकुण लागली असावी. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. महिनोन्‌महिने लोक कडाक्याच्या थंडीत घराबाहेर तंबूत झोपले. त्या वर्षी या भागातल्या इमारतींची जाहिरात करणाऱ्यांनी 'भक्कम पाया' हे शब्द जरा जपून वापरले असतील, अशी आशा आहे.

मुंबईला जाणाऱ्यांच्या रांगेत आता पाणीही उभं आहे. आदिवासींच्या शेतीला ओलित मिळावं म्हणून बांधलेल्या सूर्या प्रकल्पाच्या पाण्यातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला रोज ४०३ दशलक्ष लिटर देण्याची योजना झाली. नळ निघाले, पाणी गेलं. पाण्याला चौथी सीट लागत नाही आणि विरारला कोणी त्याला ढकलत नाही, त्यामुळे ते आपल्या सगळ्यांच्या आधी पोचतं. गेलेल्या मालाची यादी वाचली तर लक्षात येईल की सगळं 'अप'ला गेलं. 'डाउन'ला आलं काय? संध्याकाळची गाडी आली. तिच्यातून दमलेली माणसं आली. आणि त्यांच्या मागोमाग आता 'चौथी मुंबई' येते आहे.

होय, चौथी. पहिली भरली, दुसरी नवी होती तीही भरली, तिसरी रायगडात चालू आहे, आणि चौथी वाढवणला. न्यायमूर्ती धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत गेले. ज्या प्राधिकरणानं १९९८ साली बंदराला नाही म्हटलं होतं, त्याच प्राधिकरणानं ३१ जुलै २०२३ ला हो म्हटलं. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. खर्च ७६ हजार कोटींहून जास्त. किनाऱ्यावरचे मच्छीमार अजून विरोधात उभे आहेत, कारण मासे चौथ्या मुंबईत राहायला तयार नाहीत. जमिनीच्या दलालांना मात्र आनंद झाला आहे. ज्या वाडीचा भाव कालपर्यंत झाडांवरून ठरत होता, तो आज बंदरापासूनच्या मिनिटांवरून ठरतो. जाहिरातीतली मिनिटं कोणत्या वाहनानं मोजतात हे एकदा त्यांना विचारायचं आहे. माझ्या अंदाजानं हेलिकॉप्टरनं.

बंदर झालं तर नोकऱ्या येतील, असं सांगतात. येवोत. पहाटेच्या अंधारात गाडी धरणाऱ्या पोराला घराजवळ काम मिळालं तर त्याच्या आईइतका आनंद दुसऱ्या कोणाला होणार नाही. पण औष्णिक केंद्र आलं तेव्हाही हेच सांगितलं होतं, आणि ते पोरगं अजून गाडीत आहे. चौथ्या मुंबईचा मला नकाशा बघायचा नाही. मला एवढंच बघायचं आहे की तिच्यात रात्री साडेनऊला शुकशुकाट होतो की नाही, आणि पंखा बंद करून झोपता येतं की नाही. नसेल येत, तर मग १२४ किलोमीटर लांब राहायचं कशाला? अंदारू काय वाईट होतं?

तोवर एक अर्ज. बंदर सावकाश येऊ द्या, बुलेट सावकाश जाऊ द्या. ७६ हजार कोटींच्या पुढचे जे काही सुट्टे पैसे उरतील, त्यातून डहाणू लोकलच्या प्रत्येक गाडीत एक शौचालय बसवा, आणि एक महिला डब्यात वेगळं. अर्ज मराठीत हवा असेल तर डहाणूकर देतील. गुजरातीत हवा असेल तर तलासरीकर देतील, त्यांना त्या भाषेत अर्ज करायची सवय आहे.